उंचावरची कुरणं का उजाड होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमालय, तिबेट, अँडीज इथल्या कुरणांचा विषय निघाला की दोन तयार उत्तरं पुढे येतात. एक, जनावरं फार झाली. दोन, हवामान बदललं. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. खालची बरीचशी उदाहरणं तिबेटचं पठार आणि भारतीय हिमालय इथली आहेत, कारण या विषयावरचा मोठा अभ्यास तिथे झालाय आणि मोठे वादही तिथेच झालेत.

उंचावरची कुरणं म्हणजे नेमकी कुठली?

डोंगरावर झाडं जिथे संपतात त्याच्या वर आणि कायमच्या बर्फाच्या खाली जो गवताळ पट्टा असतो, तो. उत्तराखंडात त्याला बुग्याळ म्हणतात, अँडीजमध्ये पुना किंवा पारामो. सगळ्यांत मोठा पसारा तिबेटच्या पठाराचा. साधारण 25 लाख चौरस किलोमीटरचं हे पठार सरासरी 4,000 मीटरहून उंच आहे आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग गवताखाली आहे.

या पठारावर कोब्रेसिया नावाच्या, लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतीची कुरणं सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरवर पसरलेली आहेत. रोपटं उंचीला जेमतेम दोन ते चार सेंटीमीटर. बहुतेक सगळा जीव जमिनीखाली: जिवंत आणि मेलेल्या मुळांचा घट्ट विणलेला, घोंगडीसारखा थर, काही ठिकाणी वीतभर जाड. याकनं वरची पाती ओरबाडली तरी कोंब मातीलगत शाबूत राहतो. हजारो वर्षांच्या चराईत टिकून राहिलेली वनस्पती आहे ही. एवढं चिवट गवत मरतंय तरी कशानं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

झाडंच नाहीत, मग ती पडीक जमीनच ना? तिथे झाडं का लावत नाहीत?

कारण तिथे झाडं जगत नाहीत. वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांखाली गेलं की जगातल्या कुठल्याही डोंगरावर झाड उभं राहत नाही. ही जमीन पडीक नाही, तिचा तोच स्वभाव आहे. सरकारी कागदावर ‘पडीक’ असा शिक्का बसला की पुढे काय काय होतं, हा वेगळाच लेख होईल.

कुरण बिघडलंय हे ओळखायचं कसं?

लांबून कळत नाही. खाली बसून बघावं लागतं.

कोब्रेसियाच्या कुरणात पहिली खूण म्हणजे भेगा. गवताचा थर कोरडा पडतो, हिवाळ्यात गोठून आकसतो आणि त्याला बहुकोनी तडे जातात. सुरुवातीला बोट जाईल एवढे. मग कडा ढासळतात, पाणी आणि वारा आतली माती काढून नेतात, आणि दोन तड्यांमधला गवताचा तुकडा बेटासारखा उंच उरतो. बेटाच्या कडेनं मुळं लोंबताना दिसतात. बेटं झिजत जातात, मधले खड्डे एकमेकांना मिळतात आणि शेवटी नुसती काळी माती उरते. चीनमध्ये अशा जागांना ‘काळ्या मातीचे पट्टे’ अशा अर्थाचं नावच पडलंय. एकदा तो थर गेला की आहे तिथे परत विणला जायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही.

दुसरी खूण म्हणजे झाडोरा बदलणं. जनावरांना आवडणारं कमी होतं, न खाण्याजोगं वाढतं. तिबेटी कुरणांवर स्टेलेरा नावाचं गुच्छाफुलांचं देखणं रोप याचं ठळक उदाहरण. मूळ विषारी, जनावर तोंड लावत नाही. तिबेटात याच मुळापासून पोथ्यांचा कागद करत आणि विषामुळे त्याला कसर लागत नसे. कागदाला उपकारक, कुरणाला मारक. फोटोत मात्र फुललेलं स्टेलेरा फार सुंदर दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, काय समृद्ध कुरण आहे!

थंडी कमी झाली तर गवत जास्त वाढायला हवं. मग बिघाड कसा?

वाढतंही. ओल पुरेशी आहे तिथे उबेनं गवत वाढल्याच्या नोंदी भरपूर आहेत. पण उंचावर ऊब एकटी येत नाही, ती जमीन वाळवते. हवा तापली की बाष्पीभवन वाढतं आणि पावसानं ती तूट भरून काढली नाही तर उथळ मुळांची वनस्पती पहिली मार खाते. कोब्रेसियाची मुळं उथळ आहेत. खोल मुळांच्या रुंद पानांच्या वनस्पती आणि झुडपं अशा वेळी पुढे सरकतात.

तिबेटचं पठार 1960 च्या दशकापासून दर दहा वर्षांना सुमारे 0.3 ते 0.4 अंश सेल्सियसनं तापत आलंय, म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं. पुढचं चित्रही तसंच आहे. 2019 मध्ये आलेल्या हिंदुकुश-हिमालयाच्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष असा, की जगाची तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखली तरी या पर्वतरांगांत ती किमान 0.3 अंशानं जास्त असेल आणि वायव्य हिमालय व काराकोरममध्ये किमान 0.7 अंशानं.

वनस्पती आणखी वर सरकतील की!

काही सरकतायत. युरोपातल्या 302 शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्यावर शिखरांवरच्या वनस्पतींच्या जाती वाढत असल्याचं आणि तो वेगही वाढत असल्याचं 2018 मध्ये दिसून आलं. साधा हिशेब असा: शंभर मीटर चढलं की तापमान साधारण 0.6 अंशानं उतरतं, म्हणजे एका अंशाच्या वाढीसाठी दीडशे मीटरहून जास्त चढायला हवं.

अडचण अशी की बी वर जातं, माती जात नाही. वर खडक आणि घसरडा मुरूम. शिवाय डोंगर वर निमुळता होत जातो, त्यामुळे जागाही कमी. आणि पठारावर तर चढायला उतारच नसतो.

पर्माफ्रॉस्टचा यात काय संबंध?

पर्माफ्रॉस्ट म्हणजे जमिनीखालचा कायम गोठलेला थर. तिबेटच्या पठारावर तो सुमारे 10 लाख चौरस किलोमीटरखाली आहे. उन्हाळ्यात वरची थोडी जमीन वितळते, पण खालचा गोठलेला थर पाणी झिरपू देत नाही, म्हणून पाऊस कमी असूनही वर दलदल आणि ओलसर कुरण टिकतं. तापमान वाढलं की हा तळ खाली जातो आणि पाणी मुळांच्या आवाक्याबाहेर निघून जातं. मग दलदलीचं ओलसर कुरण, ओलसर कुरणाचं कोरडं माळरान, असा उलटा प्रवास सुरू होतो. एकही जनावर न चरता हे घडू शकतं. ज्यांना सगळा दोष याकच्या माथी मारायचाय त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग चराईनं काय बिघडतं?

चराई म्हणजे नुसतं खाणं नाही. खाणं, तुडवणं आणि शेण-मूत टाकणं, या तिन्हींचे परिणाम वेगवेगळे असतात.

खाण्याचा प्रश्न मुख्यतः वेळेचा आहे. वसंतात बर्फ गेल्यावर गवत मुळांतली शिल्लक वापरून पहिली पानं काढतं. तेव्हाच कळप आला आणि कोवळा फुटवा पुन्हा पुन्हा खाल्ला गेला तर शिल्लक संपते. तेच गवत ऑगस्टमध्ये खाल्लं तर फारसं बिघडत नाही. म्हणून ‘हेक्टरी किती जनावरं’ हा एकच आकडा विचारणारे निम्मा प्रश्न विचारतात. किती दिवस, कुठल्या महिन्यात, आणि परत कधी येणार, हे कोण विचारणार?

तुडवण्याचा प्रश्न जागेचा. पाणवठा, तंबू, हिवाळी घर यांच्या भोवती रोज त्याच वाटेनं खूर पडतात आणि ओली जमीन दबून कडक होते. जनावराचा पायही पाहावा लागतो. अँडीजमधल्या लामा-अल्पाकांच्या तळव्यांना मऊ गादी असते, तर स्पॅनिशांनी नेलेल्या मेंढ्यांचे खूर टोकदार. पुनातल्या पाणथळ कुरणांना हा फरक कळतो.

शेण हे खरं तर खत. पण जिथे झाडच नाही तिथे चूल कशावर पेटणार? शेण गोळा करून, वाळवून जाळलं जातं. कुरणातून घेतलेलं कुरणाला परत मिळत नाही. यात पशुपालकाला दोष देण्यात अर्थ नाही, दुसरं इंधन तिथे नाही.

शेवटी दोष जास्त कुणाचा, हवामानाचा की जनावरांचा?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते चुकीचा मांडलेला. यात 60 टक्के हे, 40 टक्के ते, अशी बेरीज करता येत नाही, कारण एकामुळे दुसऱ्याचा परिणाम बदलतो. कधी वाढतो, कधी चक्क कमी होतो.

चीनच्या चिंगहाई प्रांतातल्या हायबेई संशोधन केंद्रात 3,200 मीटरवर 1998 पासून चार वर्षं एक प्रयोग झाला. कुरणाच्या छोट्या तुकड्यांभोवती वरून उघडे, फायबरचे कठडे उभारले, त्यामुळे आतली हवा थोडी उबदार राहिली. काही तुकड्यांत चराईची नक्कल म्हणून गवत कापलं, काहींत नाही. नुसती ऊब दिलेल्या तुकड्यांतल्या वनस्पतींच्या जाती पाव ते एक तृतीयांशानं घटल्या. जिथे ऊब आणि कापणी दोन्ही होती तिथे ही घट कमी झाली. उबेनं माजणाऱ्या मोजक्या वनस्पतींना कापणीनं आवर घातला आणि बाकीच्यांना ऊन मिळालं. म्हणजे बेताची चराई इथे औषध ठरली.

आता याच्या उलट बाजू. कुरण आधीच खुरांनी सोलवटलेलं आहे, माती उघडी आहे. उघडी माती उन्हात जास्त तापते, खालचा पर्माफ्रॉस्ट जास्त वितळतो, पाणी आणखी खाली जातं. त्यात एखादं कोरडं वर्ष आलं की दुष्काळात तेरावा महिना. तीच ऊब, तीच जनावरं, पण कुरणाची सुरुवातीची अवस्था वेगळी, म्हणून निकाल वेगळा.

पण जनावरांची संख्या वाढली हे खरं ना?

बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण त्याहून मोठा बदल जनावरं अडकली हा आहे.

उंचावरचा पाऊस आणि बर्फ लहरी. यंदा या दरीत गवत, पुढल्या वर्षी त्या. त्यावरचा पशुपालकांचा जुना उपाय एकच: उठायचं आणि गवत असेल तिकडे जायचं. हाच उपाय ठिकठिकाणी छाटला गेला. लडाखच्या चांगथांगमध्ये 1962 नंतर चांगपा पशुपालकांची सीमेपलीकडची हिवाळी कुरणं गेली आणि कळप उरलेल्या जागेत दाटले. पश्मिना देणाऱ्या बकऱ्यांना वाढती मागणी असल्यानं कळपातलं त्यांचं प्रमाणही वाढलं. चीनमध्ये 1980 च्या दशकापासून कुरणं कुटुंबांना वाटून देण्यात आली आणि तारेची कुंपणं आली. हेतू असा की स्वतःची जमीन माणूस जपेल. झालं असं की बर्फ पडलं किंवा गवत संपलं तरी कळपाला पलीकडे जाता येईना. कुंपणच शेत खातं, ते इथे अक्षरशः घडलं.

अडकलेल्या कळपाचं काय होतं ते उत्तर सिक्कीममध्ये दिसलं. 2018-19 च्या लांबलेल्या बर्फात मुकुथांग आणि युमथांग भागात 300 हून जास्त याक उपाशी मेले. चारा बर्फाखाली आणि वाटाही बंद.

पिका नावाचा उंदरासारखा प्राणी कुरण खातो म्हणतात. खरं का?

पिका उंदीर नव्हे, सशाचा नातलग. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन, बिळात राहतो, हिवाळ्यात झोपतही नाही. गवत खातो आणि माती उकरतो, म्हणून 1958 पासून तिबेटच्या पठारावर त्याला विष घालण्याच्या मोहिमा निघाल्या.

पण क्रम बहुधा उलटा आहे. पिकाला आखूड गवत लागतं, शत्रू लांबून दिसावा म्हणून. कुरण चरून आखूड झालं की पिका वाढतात. ती बिघाडाची खूण आहे, मूळ कारण क्वचितच. त्याच्या बिळात हिमचिमण्या घरटी करतात. कोल्हा, ससाणा, अस्वल त्याच्यावर जगतात. बिळांमुळे पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. भेगाळलेल्या कुरणात तो पोखरतो तेव्हा कडा लवकर ढासळतात, हेही खरं. पण विष घालून कुरण सुधारलं असतं तर इतक्या दशकांत सुधारायला हवं होतं.

हाच प्राणी कडाक्याच्या हिवाळ्यात याकचं शेण खाऊन तगतो, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. ज्याला याकचा स्पर्धक ठरवून मारलं, तो याकच्याच जिवावर हिवाळा काढतो!

सरळ चराईबंदी केली तर?

अतिशय झिजलेल्या जागी काही वर्षं बंदी हवीच. सरसकट आणि कायमची बंदी मात्र वेगळी गोष्ट आहे.

उत्तराखंडातली फुलों की घाटी 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई थांबली. त्यानंतर तिथे पुरुषभर वाढणारं एक झुडूप पसरत गेलं आणि लहान फुलझाडांना दाबू लागलं. यात बंदीचा वाटा किती यावर अजून वाद आहे, पण ते दरवर्षी उपटावं लागतं हे तर दिसतंच. आल्प्समध्ये पशुपालक शेती सोडून गेले तिथल्या कुरणांत हिरवं ऑल्डर नावाचं झुडूप घुसलंय.

सगळ्यांत बोलका पुरावा हिमाचलमधल्या स्पितीतला. किब्बर गावाजवळ भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2005 पासून कुरणाचे काही तुकडे कुंपण घालून चराईपासून दूर ठेवले आणि शेजारचे चरू दिले. 2022 मध्ये आलेले निष्कर्ष असे: चराई थांबवलेल्या मातीतला कार्बन वर्षागणिक कितीतरी जास्त वर-खाली होत होता. चराईखालच्या मातीत तो स्थिर होता आणि या स्थैर्यात नायट्रोजनची भूमिका मोठी होती. पुढच्याच वर्षी त्याच गटानं दुसरी बाजूही दाखवली. भरल, आयबेक्ससारखे रानटी प्राणी चरतात त्या मातीपेक्षा पाळीव जनावरांखालच्या मातीत कार्बन कमी निघाला. संभाव्य कारण म्हणजे जनावरांना दिलेली प्रतिजैविकं शेण-मुतातून जमिनीत उतरतात आणि तिथले सूक्ष्मजीव मारतात. चराई हवी, पण ती कुणाची आणि कशी हेही मोजायला हवं.

उपग्रहावरून तर पठार हिरवं होताना दिसतंय. मग एवढी ओरड कशाला?

उपग्रह हिरवा रंग मोजतो, चारा नाही. स्टेलेराही हिरवंच. शिवाय 25 लाख चौरस किलोमीटरच्या सरासरीत एक भाग सुधारतो, दुसरा उजाड होतो आणि दोन्ही दिसेनासे होतात.

आकड्यांबाबत दोन्ही बाजूंनी सावध राहावं. ‘90 टक्के कुरणं खराब झाली’ असं वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, पण आधी ती कशी होती याची नोंदच अनेक ठिकाणी नाही. वसंतात गवत लवकर फुटतं की उशिरा, यावरही तज्ज्ञ भांडलेत. 2010 मध्ये एका गटानं उबदार हिवाळ्यामुळे पालवी लांबतेय असं मांडलं, तर काही वर्षांत दुसऱ्यांनी उपग्रहाच्या माहितीतच खोट काढली.

कुरण बिघडलं तर खालच्या लोकांना काय?

पाणी. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा, मेकाँग, यांगत्से आणि पीत नदी, सगळ्यांची उगमक्षेत्रं याच पठारावर आणि त्याच्या कडांवर आहेत. गवताचा थर पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. तो सोलला गेला की पावसाचं पाणी माती घेऊन लगेच निघून जातं. कोलंबियाची राजधानी बोगोटा आपलं बहुतेक पाणी पारामोच्या प्रदेशातून आणते.

शिवाय या थंड मातीत प्रचंड सेंद्रिय कार्बन साठलाय. थंडीत कुजणं मंद, म्हणून साठला. माती उबली किंवा उघडी पडली की तो हवेत जाऊ लागतो.

ट्रेकर आणि किडाजडी काढणारे यांचा वाटा किती?

पठाराच्या मानानं नगण्य, पण एखाद्या बुग्याळाच्या मानानं भरपूर. किडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी औषधी बुरशी, शोधायला मे-जूनमध्ये, म्हणजे नेमकी जमीन ओली आणि फुटवा कोवळा असताना, माणसं महिनाभर वर मुक्काम करतात आणि उकरतात. तंबूंखाली गवत पिवळं पडतं, पावसाळ्यात त्याच जागी घळ पडते. आली-बेदिनी-बागजी बुग्याळांच्या याचिकेवर उत्तराखंड उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2018 मध्ये बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या 200 पर्यंत मर्यादित केली. ट्रेकिंग कंपन्या नाराज झाल्या. मला तो निकाल रास्त वाटतो, फक्त मेंढपाळ आणि पर्यटक यांना एकाच मापानं मोजू नये.

उजाड झालेलं कुरण परत आणता येतं का?

किती उजाड, त्यावर अवलंबून. मुळांचा थर शिल्लक असेल तर काही हंगाम विश्रांती पुरते. थर गेलेला असेल तर रानगवताचं बी पेरतात. दोन-तीन वर्षं हिरवं दिसतं, पण खत आणि राखण थांबली की बऱ्याचदा पुन्हा विरळ होतं. ते कोब्रेसियाची जागा घेत नाही. तिबेटकडच्या रेल्वेमार्गाचं बांधकाम चालू असताना, तो 2006 मध्ये सुरू होण्याआधी, काही भागांत गवताचे तुकडे मातीसकट कापून बाजूला ठेवले आणि काम झाल्यावर परत बसवले. खर्चिक, पण पेरण्यापेक्षा भरवशाचं. उत्तरकाशीच्या दयारा बुग्याळात वनखात्यानं घळी अडवायला काथ्याच्या जाळ्या, बांबू आणि चिडाच्या वाळलेल्या सुया वापरल्या. घळ लहान असताना हे जमतं.

पशुपालकांना खाली वसवलं तर कुरण सुटेल?

चीननं या शतकाच्या सुरुवातीपासून पीत नदी, यांगत्से आणि मेकाँगच्या उगमाजवळच्या अनेक कुटुंबांना गावांत हलवलं. कळपांचा भार काही ठिकाणी हलका झाला, पण कुरण ओळखणारी माणसंही गेली. पुढे त्याच भागातल्या राष्ट्रीय उद्यानात दर कुटुंबातल्या एकाला राखणदाराची नोकरी देण्यात आली. हा मला पहिल्यापेक्षा शहाणा मार्ग वाटतो.

याहून जुनी उदाहरणं आहेत. इथिओपियाच्या उंच प्रदेशातल्या ग्वासा कुरणावर सुमारे चारशे वर्षं गावकऱ्यांचा स्वतःचा नियम चालला: काही वर्षं कुरण पूर्ण बंद, गरज पडली की ठरवून उघडायचं, मोडणाऱ्याला शिक्षा. 1975 च्या जमीन सुधारणांनंतर ती पद्धत मोडली आणि नंतर गावकऱ्यांनी नव्या रूपात उभी केली. स्पितीत किब्बरच्या लोकांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या कुरणाचा एक भाग चराईला बंद ठेवायचं ठरवलं. भरलांची संख्या तिथे वाढत गेली.

मग नेमकं काय करायला हवं, थोडक्यात?

कळपांच्या वाटा मोकळ्या ठेवा, निदान आतली कुंपणं काढा. वसंतातले पहिले काही आठवडे कुरणाला द्या. पिकाला विष घालू नका. बर्फाच्या वर्षासाठी चारा आधीच वर पोचवून ठेवा, जनावरं मरायला लागल्यावर हेलिकॉप्टरनं नको. आणि तापमानवाढ या कशानंच थांबणार नाही, ती थांबवायची जागा कुरण नव्हे. कुरणात एवढंच करता येतं की ती येईल तेव्हा मुळांचा थर शाबूत असेल.